आईच्या केसांच्या तारा

आमच्या घरात काळजी करण्याचं काम माझ्याकडे होतं आणि ते मी मन लावून करत असे. दूध उतू जाईल, कंदील कलंडेल, वडिलांना घरी यायला उशीर होईल, पाहुणे येतील आणि नेमकी साखर संपलेली असेल. दादा म्हणायचा, हिला स्वर्गात नेलं तरी ही आधी जिन्याचा कठडा हलवून बघेल. बघेनच. कठडे कुणीतरी हलवून बघावेच लागतात. न बघणारे आम्हा बघणाऱ्यांच्या जिवावर निर्धास्त असतात. दादाच्या विमानाच्या वेळीही सगळ्या घरात मी एकटीच घाबरलेली आहे असं मला वाटत होतं. तसं नव्हतं, हे मला उशिरा कळलं.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या थोडं आधीची गोष्ट. आम्ही लोणावळ्याला वलवणच्या रस्त्याला राहत होतो. वडील रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. मॅट्रिक झाल्यावर त्याला पुढे शिकायला पुण्याला पाठवला होता, तो वर्ष पुरं व्हायच्या आत ट्रंक घेऊन परत आला. पुस्तकात त्याचं डोकं चालत नसे, पण हात चालत. घरातलं उघडता येण्यासारखं सगळं त्याने उघडलं होतं आणि त्यातलं बरंचसं परत बंदही झालं होतं. भिंतीवरचं घड्याळ तेवढं राहिलं. ते पुढे कायम आपल्या मर्जीने चालायचं.

वर्षाचा तांदूळ आम्ही वडिवळ्याच्या एका शेतकरी आबांकडून घेत असू. भात झोडून झालं की दादा कामशेतला उतरून त्यांच्याकडे जायचा आणि बैलगाडीतून पोती आणायचा. त्या वर्षी तो गेला आणि त्याच सकाळी आबांच्या रिकाम्या खाचरात विमान उतरलं. उतरलं म्हणजे इंजिन बंद पडलं म्हणून उतरवावं लागलं. एकावर एक असे दोन पंख, मधे उभ्या दांड्या, आणि दांड्यांमधून फुलीसारख्या ताणलेल्या तारा. बांधाला चाक आपटून त्यातल्या दोन तारा तुटल्या होत्या. चालवणाऱ्याला काही झालं नव्हतं. तो बांधावर बसून आबांच्या घरचं ताक पीत होता. सगळं गाव गोळा झालं होतं. आबांनी विमानाला एक फेरी मारली आणि म्हणाले, "ह्याला तर सुतळ्या बांधल्यात की सगळीकडनं. आन् ह्याच्यात माणूस बसतो व्हय?"

दुसऱ्या दिवशी मुंबईहून दुरुस्तीला एक जाडजूड गृहस्थ आले. विमानांच्या कारखान्यातले ते मुख्य मिस्त्री. तांदूळ तिथेच टाकून दादा त्यांच्या मागे लागला. पाना धर, तार ओढ, दिवा दाखव, असं करत दोन दिवस त्याने तिथेच काढले. इकडे आम्ही तो बैलगाडीखाली सापडला असं समजून चाललो होतो, म्हणजे मी चालले होते. मिस्त्रीसाहेब नवीन तार बसवली की बोटाने छेडून कान देऊन ऐकायचे, मग पुढच्या तारेकडे वळायचे. सैल तार असण्यापेक्षा नसलेली बरी, असं ते म्हणाले. जाताना त्यांनी दादाला सांगितलं की मुंबईला समुद्राकाठी आमची शेड आहे, तिथे आम्ही शिकाऊ उमेदवार घेतो. पुढचा दसरा झाल्यावर ये. पण तोंडाने काही सांगू नकोस, हाताने केलेलं काहीतरी घेऊन ये.

दादा तांदूळ घेऊन घरी आला तो हे ठरवूनच, की ह्याच विमानाची हुबेहूब छोटी प्रतिकृती करायची, सगळ्या तारांसकट.

वडिलांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांनी रेल्वेच्या इंजिनांच्या लोको शेडमध्ये त्याच्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. ते म्हणाले, दसऱ्यापर्यंत थांबतो. त्यांनी घेतलं तर जा. नाही घेतलं तर शेडमध्ये रुजू व्हायचं आणि विमानाचं नाव पुन्हा ह्या घरात काढायचं नाही. दादा कबूल झाला. ताटं उचलताना आई म्हणाली, "गाडी बिघडली तर रुळावर उभी राहते. ते बिघडलं तर कुठे उभं राहणार?"

माझी पंचाईत मात्र दुहेरी झाली. दादाला घेतलं नाही तर तो जन्मभर कोळशाच्या धुरात तोंड पाडून बसेल, ही एक काळजी. आणि घेतलं तर तो त्या सुतळ्यांच्या यंत्रात बसून आभाळात जाईल, ही दुसरी. देवाकडे काय मागावं तेच मला समजत नसे. मी नुसती दिवा लावून हात जोडायची आणि बाकीचं त्याच्यावर सोडायची.

लाकडी भाग उन्हाळ्यातच झाले. देवदारी खोक्याच्या फळीतून धड कोरलं, बांबूच्या बारीक कामट्यांचे पंख केले, त्यावर पतंगाचा कागद सरसाने चिकटवला. एका हातावर मावेल एवढं ते विमान झालं, आणि दिसायला खरोखर सुंदर. मग आल्या तारा, आणि आमच्या घराची झोप उडाली.

पंखांच्या मधल्या प्रत्येक चौकोनात दोन तारा आडव्या फुलीने जातात. एक तार विमान उडताना पंखाचा भार घेते, दुसरी ते जमिनीवर बसलेलं असताना. हे दादाने मला पाटीवर काढून दाखवलं होतं. दोन्ही सारख्या ताणाच्या हव्यात. एक जास्त ओढली गेली तर पंखच पिळवटतो. आणि एवढ्याशा विमानाला शोभेल इतकी बारीक तार आणायची कुठून?

आधी शिवणाचा दोरा घेतला. त्याला इतकी लव, की विमान दाढी वाढलेलं दिसायला लागलं. मेण चोळून पाहिलं, तर त्याला धूळ चिकटली. मग तारघराच्या जळालेल्या घंटेतली तांब्याची तार आणली. दोन पाट्यांमध्ये लाटून ती सरळ करायची, पण ओवताना एकदा मुडपली की तो मोड जन्माचा. शेवटी आमच्या रस्त्याचे टांगेवाले भाऊ होते, त्यांच्या घोड्याच्या शेपटीवर दादाची नजर गेली. भाऊ म्हणाले, "घ्या की. शेपटीला केसांचा काय तोटा हाय? पर मागनं जाऊ नगा, त्याला लय खपत न्हाई ते." घोड्याचा केस चांगला लांब निघाला, पण जाड आणि हट्टी. गाठ मारली की उलगडायचा. विमान बांधलंय का कुंपण घातलंय, असं वडील म्हणाले.

मग दादा माझ्या वेणीकडे बघायला लागला. आदल्या वर्षी मला मोठा ताप आला होता आणि केस गेले होते. नवे आले ते उंदराच्या शेपटीएवढे आणि मऊ. ओढले की तुटत. त्यानंतर त्याने जिच्याकडे बघायला नको तिच्याकडे बघितलं.

आईचे केस गुडघ्यापर्यंत होते. जाड, काळे, दोरीसारखे मजबूत. आणि केसांच्या बाबतीत आईचे नियम कडक. शेजारच्या बायका विंचरताना निघालेली गुंतवळ साठवून सुया-बिब्बे विकणारीला द्यायच्या आणि सुया घ्यायच्या. आई कधी द्यायची नाही. बोटावर गुंडाळून, तीन वेळा थुंकून ती जास्वंदीच्या मुळाशी पुरायची. आपला केस परक्याच्या घरात गेला की आपला लगाम त्याच्या हातात गेला, असं तिच्या माहेरी मानत. सवाष्णीने केस कापायचा तर प्रश्नच नव्हता. दादाने विचारल्यावर ती एवढंच म्हणाली की माझे केस कुण्या अनोळखी माणसाच्या टेबलावर जायचे नाहीत, आणि तू तरी तिथे कशाला जातोस?

विमान कपाटावर ठेवून दादा लोको शेडच्या बाजूला फिरायला जाऊ लागला. जेवताना मान खाली. आषाढ असाच गेला. मग एका दुपारी आई न्हाऊन आली, आमच्याकडे पाठ करून पाटावर बसली आणि केस मोकळे सोडून म्हणाली, "फणीला लागतील तेवढेच घ्यायचे. एकही ओढायचा नाही. ह्याचं तोंड बघवत नाही मला."

तेव्हापासून रोज फणीत येतील तेवढ्या तारा, हा आमचा हिशोब झाला. आई काळजीत असली की केस जास्त गळत, आणि केस जास्त गळले की काम पुढे सरके. तिची काळजी होती दादाच्या जाण्याची. म्हणजे तो जाईल ह्या भीतीनेच त्याच्या जाण्याची सोय होत होती. हे माझ्या लक्षात आलं, पण मी कुणाला सांगितलं नाही, आधीच घरात काळजी पुरेशी होती.

ओवायचं काम माझं. दादाच्या तळहातांना घाम सुटायचा, कागदावर डाग पडायचे. मी बोटांना चुलीतली राख चोळून बसायची. आधी तापवलेल्या सुईने पंखाला भोकं पाडून घेतलेली. केस रिठ्याने धुऊन सुकवायचा, टोकाला सरसाचा थेंब लावून ते टोक कडक करायचं, म्हणजे सुईवाचून ओवता येतं. वरच्या पंखाच्या भोकातून आत घालून वर गाठ मारायची, खालच्या पंखाच्या भोकातून बाहेर काढायचा, आणि खाली लोंबणाऱ्या टोकाला गुंजांची पुरचुंडी बांधायची. प्रत्येक पुरचुंडीत सारख्या गुंजा, म्हणजे ताण सारखा. मग भोकावर सरस सोडायचा आणि वाळेपर्यंत पुरचुंडी तशीच लोंबत ठेवायची. मधल्या चौकोनापासून सुरुवात करून बाहेर जायचं, आणि एक तार उजवीकडे घातली की पुढची डावीकडे. नाहीतर विमान एका कुशीवर वळतं.

मी श्वास धरून ओवायची. एकदा शिंक आली तर उठून अंगणात गेले, पावसात.

श्रावण चालू होता. लोणावळ्याचा श्रावण म्हणजे ढग खिडकीतून आत येतात, मिठाला पाणी सुटतं, काडीपेटी पदरात बांधून ऊब द्यावी लागते, आणि वाळत घातलेलं धोतर आठवडाभर वाळत घातलेलंच असतं. सरस वाळायला दोन-दोन दिवस लागत. आम्हाला त्यात काही वेगळं वाटलं नाही. हवा अशीच असते असं आम्ही धरून चाललो होतो. गणपतीचं विसर्जन झालं तोवर शेवटची पुरचुंडी कापली. बोटाने छेडलं की प्रत्येक तार बारीकशी बोलायची. दादाने कान लावून एकेक ऐकली, मिस्त्रीसाहेबांसारखी मान हलवत. वडीलसुद्धा चष्मा लावून जवळ आले आणि कुंपण म्हणाले नाहीत.

आता सगळं झालं होतं, तेव्हा माझी काळजी मोकळी झाली आणि दिवसभर विमानाभोवती फिरायला लागली. जाता-येता मी तारांना बोट लावून बघायची. दादा ओरडायचा. पण म्हणूनच ते पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. पाऊस सरला, ऊन पडायला लागलं. सकाळी धुकं असताना तारा नेहमीसारख्या वाटायच्या. दुपारी मात्र बोट लावलं की ताठ, नको इतक्या ताठ. मी सांगितलं तर दादा म्हणाला, तुला सगळंच ताठ वाटतं.

दसऱ्याच्या आदल्या दुपारी मी भांडी पुसत होते. माजघरातून टक् असा आवाज आला. नख मोडावं एवढासा. मी हातातलं ताट तसंच टाकून पळाले.

टोकाची एक तार तुटली होती. पण ते काहीच नव्हतं. खिडकीतल्या उन्हात विमान नीट बघितलं तर दोन्ही पंखांची टोकं एकमेकांकडे ओढली गेली होती, मधल्या दांड्या वाकल्या होत्या, आणि पंखाच्या कागदाला सुरकुत्या पडल्या होत्या. कुणीतरी मुठीत धरून दाबल्यासारखं दिसत होतं. दादा आला, बघितलं आणि जमिनीवरच बसला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्याला निघायचं होतं.

मग मीच बोलले, की केस आहेत, पावसाळ्यात लांबतात आणि उन्हात आखडतात. आपण ओल्या हवेत बांधले आणि आता हवा कोरडी झाली. रोज सकाळ-दुपार हात लावून बघत होते म्हणून मला हे कळत होतं. दादाला ते पटलं. पटल्यावर तो उठला आणि वडिलांचं दाढीचं पातं घेऊन आला. सगळ्या कापायच्या, म्हणाला. डबीत आईचे उरलेले केस ठेवलेत ते घ्यायचे, आजचा दिवस आणि उद्याचा दिवस आहे, ह्या कोरड्या हवेत नव्याने बांधायच्या.

आई उंबऱ्याशी बसून दाराला लावायची झेंडूची माळ ओवत होती. तिने सगळं ऐकलं होतं. दादाने पातं पहिल्या तारेला लावलं तेव्हा तिची सुई थांबली. तिने तोंड उघडलं आणि मिटलं. मी तिच्यासमोर होते, मला दिसलं. मग तिने एक फूल ओवलं. आणखी एक ओवलं.

"कापू नकोस," ती म्हणाली.

दादा म्हणाला, मग असं वाकडं घेऊन जाऊ का?

"वाकडंच ने. माझं माहेर समुद्रकाठचं. अलिबागेकडे दसऱ्यालाही केस वाळत नाहीत, दुपारी न्हालं तरी संध्याकाळी वेणी ओली. इथे येऊन इतकी वर्षं झाली, अजून पाऊस संपला की माझा अंबाडा डोक्याला ओढ देतो. माहेरी गेले की सैल होतो. मुंबईची हवा तीच. हे केस ओल्या हवेत बांधलेत, तिथल्या ओल्या हवेत पुन्हा लांबतील आणि तुझे पंख जागेवर येतील. आत्ता नव्याने बांधलेस, तर तिथे जाऊन लोंबतील."

दादाने पातं खाली ठेवलं. त्याला फक्त विमान वाचल्याचं कळलं. मला दुसरंही कळलं. आई गप्प राहिली असती तर कुणी तिला बोल लावला नसता. दादाने तारा कापल्या असत्या, बांधल्या असत्या, मुंबईत त्या लोंबल्या असत्या, आणि दिवाळीच्या आत तो लोको शेडमध्ये रुजू होऊन रोज दुपारी जेवायला घरी आला असता. तिला जे हवं होतं ते सगळं. दोन झेंडू ओवायला लागतात तेवढा वेळ ते तिच्या हातात होतं. मला तिचा राग आला, तिने ते सोडून दिलं म्हणून, आणि त्याच वेळी तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं. ती म्हणाली, "बघतेस काय? फुलं दे इकडे."

तुटलेली एक तार मात्र घालायलाच हवी होती. दादाने डबी उघडली, पण दसऱ्याच्या आदल्या दिवशी सवाष्णीच्या केसाला हात लावायचा नाही असं आईने ठरवलं होतं, साठवलेल्यालाही नाही. ती म्हणाली, हिचा घे. एवढी खपलीये पोर, हिचा एक तरी लागू दे. माझे केस वर्षभरात वीतभर वाढले होते, आणि टोकाची तार आखूडच असते. मी माझ्या डोक्यावरचा एक केस उपटला, राखेने बोटं चोळली आणि तिथेच उन्हात बसून ओवला. मोठ्या अभिमानाने पुरचुंडी बांधली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दादा गेला. खोक्यात कापूस घालून विमान ठेवलं होतं, खोकं मांडीवर. आम्ही सगळे स्टेशनवर गेलो. आईने त्याच्या हातावर दही दिलं होतं, ते अजून त्याच्या मिशीला होतं, मी पुसायला सांगितलं. गाडी सुटली, डबा वळणावर दिसेनासा झाला, आणि मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सगळ्या तारा श्रावणात बांधल्या होत्या. माझी परवाच्या उन्हात बांधली होती. मुंबईला पोचल्यावर सगळ्या जागेवर येणार आणि माझी एकटी लोंबणार. सैल तार असण्यापेक्षा नसलेली बरी, असं म्हणणाऱ्या माणसासमोर.

मी प्लॅटफॉर्मवरच खाली बसले. वडिलांना वाटलं चक्कर आली. आईला सांगितलं, तर ती म्हणाली एकाने काय होतंय. पण रस्त्याने येताना ती पण दोनदा थांबली. दुसऱ्या दिवशी कढीत मी मीठ दोनदा घातलं आणि सगळ्यांनी ती तशीच भुरकली. माझ्या एका उंदराच्या शेपटीमुळे दादाचा जन्म कोळशात जाणार, आणि तो केस त्याच्या विमानाला मी माझ्याच हाताने बांधला होता. मनात असंही येऊन गेलं की लोंबली तर लोंबू दे, घरी राहील. मग मी त्या विचाराला इतकी घाबरले की देवापुढे जाऊन उभी राहिले.

दादा संध्याकाळच्या गाडीने आला. चेहऱ्यावर काही नाही. आधी पाणी मागितलं, मग पाय धुतले, मग टॉवेल मागितला. मला त्याला मारावंसं वाटत होतं.

रात्री तो गिरगावात नात्यातल्या घरी उतरला होता. तिथे विमान खोक्याबाहेर काढून खिडकीशी ठेवलं. सकाळी उठून बघतो तो पंख सरळ, दांड्या सरळ, कागदाच्या सुरकुत्या गेलेल्या. शेडमध्ये मिस्त्रीसाहेबांनी ते टेबलावर ठेवलं, चहूकडून बघितलं, आणि जाडजूड बोटाने एकेक तार छेडायला लागले. प्रत्येक बोलली. टोकाशी येऊन ते थांबले. शेवटची तार गप्प. लोंबत होती.

"ही काय?" त्यांनी विचारलं.

"ती माझ्या बहिणीची आहे," दादा म्हणाला.

मग त्याला सगळंच सांगावं लागलं. कुणाचे केस, कुठल्या महिन्यात बांधले, ऊन पडल्यावर काय झालं, आईने काय सांगितलं, आणि ही एकच तार वेगळ्या हवेतली कशी. साहेबांनी शेडमधल्या दोघांना बोलावलं आणि त्याला ते पुन्हा सांगायला लावलं. पंखांच्या कापडाला रोगण चढवताना हवा दमट असली की ते पांढरं पडतं, म्हणाले. तुझं विमान माझ्या टेबलावर असलं तर ही तार लोंबली की हवा ओली, त्या दिवशी रोगण काढायचं नाही, हे मला समजेल. दिवाळी झाली की ये.

वडिलांनी दादाच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी असं कधी केल्याचं मला आठवत नाही. मी हसत होते. दोन काळज्यांपैकी एक मिटली होती आणि दुसरी आता सुरू होणार होती.

आई म्हणाली, "ते विमान त्यांनी ठेवून घेतलं?"

केसांची गोष्ट सगळ्यांना एकाच वेळी आठवली. दादा घाईने म्हणाला, मी तिथे रुजू झालो की दुसरं करून देतो त्यांना, हे परत आणतो.

"नको," आई म्हणाली. "राहू दे तिथेच. माझं काहीतरी तिथे असलेलं बरं."

आणि ती आमच्या सगळ्यांसमोर रडली. पदर तोंडाला न लावता, काही न लपवता. दादा तिच्याजवळ जाऊन बसला आणि तिने त्याचे दोन्ही तळहात आपल्या हातात घेतले, घामाने ओले झालेले.

पुढे पुष्कळ वर्षं विमानं रुळांच्या वाटेने घाट चढून पुण्याकडे जायची. आवाज आला की आई हातातलं काम टाकून अंगणात यायची आणि ते डोंगराआड जाईपर्यंत बघत राहायची. मीही तिच्या शेजारी जाऊन उभी राहायची. एवढ्या लांबून तारा दिसत नसत, पण त्या सगळ्या नीट ताणलेल्या असतील की नाही ही काळजी मला प्रत्येक वेळी लागायची. मग मी स्वतःला सांगायची की दादाने कान लावून बघितल्या असतील, आणि त्याच्या समोर टेबलावर आईचे केस आहेत. त्यात एक माझाही आहे, सैल का होईना.